‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय? संगणक नेटवर्कच्या मूलभूत संज्ञा

बारामती : सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला अशी अनेक कामे आता संगणकावरून होतात. त्यामुळे ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य शहरातील नागरी सुविधा केंद्रात आणि खेड्यातील सेवा केंद्रात सारखेच परिचयाचे झाले आहे. प्रत्यक्षात या एका वाक्याआड निरनिराळे बिघाड दडलेले असू शकतात आणि प्रत्येकाची जबाबदारी वेगळ्या यंत्रणेवर असते. अर्जाची मुदत तोंडावर आली असताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. बारामती तालुक्यातील कन्हेरी येथून एखाद्याने सातबारा उतारा मागवला, असे गृहीत धरून या संज्ञांची ओळख करून घेऊ.

नेटवर्क व लॅन : माहितीच्या देवाणघेवाणीसाठी जोडलेल्या संगणकांचे जाळे म्हणजे नेटवर्क. एका कार्यालयापुरते जाळे म्हणजे लोकल एरिया नेटवर्क, अर्थात लॅन. अशी असंख्य जाळी परस्परांना जोडली की इंटरनेट बनते. वारणानगर परिसरात १९९८ मध्ये सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. गावातील केंद्र आणि साखर कारखाना यांच्यात उसाच्या नोंदी पोहोचवणे, हा त्याचा प्रमुख उपयोग होता.

राउटर : लॅन आणि बाहेरचे जग यांच्यामधील नाका. वायफायच्या सर्व रेघा दिसल्या, तरी त्याचा अर्थ राउटरपर्यंतचा रस्ता ठीक आहे एवढाच होतो. पुढचा रस्ता बंद असू शकतो.

ऑप्टिकल फायबर : काचेचा अतिशय बारीक तंतू. त्यातून माहिती प्रकाशरूपाने सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जाते. तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत हे जाळे नेण्याच्या योजनेला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली; तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. रस्त्याच्या खोदाईत हा तंतू तुटला, तर सर्व्हर सुरू असूनही गावाचा संपर्क तुटतो.

आयपी अ‍ॅड्रेस व पॅकेट : पाठवलेली माहिती लहान तुकड्यांत विभागली जाते. हे तुकडे म्हणजे पॅकेट. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आकडी पत्ता असतो, तो आयपी अ‍ॅड्रेस. जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटीच पत्ते शक्य होते. ते अपुरे पडू लागल्याने ‘आयपीव्ही ६’ ही नवी पद्धत आली.

डीएनएस : संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा. ही अडली तर संकेतस्थळ सुरू असूनही सापडत नाही.

बँडविड्थ : एका वेळी किती माहिती वाहून नेता येते, याचे माप. नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामतीमार्गे इंदापूरकडे जाते. वरच्या चाऱ्यांनी अधिक पाणी उचलले, की शेवटच्या शेतकऱ्याला कमी मिळते. सामाईक जोडणीचेही तसेच आहे. येथे वेग मेगाबिटमध्ये मोजतात आणि ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट माहिती उतरते.

सर्व्हर : मागणी आली की माहिती पुरवणारा संगणक. अखेरच्या दिवशी क्षमतेपेक्षा अधिक मागण्या आल्यास तो बंद न पडताही उत्तर देईनासा होतो.

बिघाड कसा ओळखावा?

प्रथम इतर संकेतस्थळे उघडतात का, ते पाहावे. ती उघडत असतील, तर दोष बहुधा त्या विशिष्ट संकेतस्थळाच्या सर्व्हरकडे असतो. कोणतेच उघडत नसेल, तर राउटर किंवा बाहेरची जोडणी तपासावी लागते. तेच संकेतस्थळ मोबाईलच्या इंटरनेटवर उघडले, तर सर्व्हर सुरू आहे आणि अडचण केंद्राच्या जोडणीत किंवा डीएनएसमध्ये आहे, हे स्पष्ट होते. अशा वेळी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्या जोडणीवरून अर्ज त्याच दिवशी भरता येतो.

दोष सर्व्हरचाच असल्यास पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र तारीख व वेळेसह जपून ठेवावे. मुदत चुकल्यावर दाद मागताना ‘नेट चालत नव्हते’ या तोंडी तक्रारीपेक्षा त्या नोंदीला अधिक वजन असते.