महाविष्णूचा गुरू आणि वीस हजार गाणी

जॅझ-रॉक ऐकणाऱ्यांना 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' हे नाव काही नवीन नाही. जॉन मॅकलॉफ्लिन या इंग्लिश गिटारिस्टचा हा १९७१ चा बँड. (आपल्या झाकीर हुसेनबरोबर 'शक्ती' काढणारा तोच हा.) साहेबाच्या बँडला 'महाविष्णू' नाव कुठून आलं? तर ते त्याच्या गुरूने त्याला दिलं होतं. गुरू म्हणजे श्री चिन्मय, मूळचे चिन्मयकुमार घोष.

जन्म १९३१ चा, आजच्या बांगलादेशातल्या चितगाव भागातला. आईवडील लहानपणीच गेले. १९४४ मध्ये पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात आले आणि वीस वर्षं तिथे काढून १९६४ मध्ये थेट न्यूयॉर्कला. सुरुवातीला भारतीय वकिलातीत कारकुनी, मग क्वीन्समध्ये स्वतःचा संप्रदाय. २००७ मध्ये वारले तेव्हा अनेक देशांत त्यांचे शिष्य होते.

इथपर्यंत ठीक. खरी गंमत पुढे आहे, आकड्यांत. शिष्य सांगतात की गुरुजींनी वीस हजारांहून जास्त गाणी रचली. एसराज, बासरी, चेलो, पाइप ऑर्गन अशी एकाच कार्यक्रमात डझनावारी वाद्यं ते वाजवत. शिवाय लाखावर चित्रं, आणि १९८७ मध्ये एका हाताने ७,००० पौंडांहून जास्त वजन उचलल्याचा दावा! म्हणजे सुमारे ३,२०० किलो. ऑलिंपिकवाले दोन्ही हातांनी २६७ च्या पुढे फारसे जात नाहीत.

वजनाचं सोडा, गाण्यांचं गणित करू. १९६४ ते २००७ ही ४३ वर्षं. वीस हजार गाणी म्हणजे रोज सव्वा गाणं, एकही सुट्टी न घेता. अगदी १९४४ पासून धरलं तरी आठवड्याला सहा. त्याच बंगाली भाषेत रवींद्रनाथांनी सुमारे साठ वर्षांत साधारण २,२०० गाणी लिहिली. दहा दिवसांना एक. आणि ती बंगालमध्ये आजही घरोघरी गायली जातात.

मग चिन्मय खोटं बोलत होते का? तसंच म्हणता येणार नाही. त्यांची बरीच गाणी चार-दोन ओळींची, एखादं सुवचन साध्या चालीवर बसवलेली. तशी रोज होऊ शकतात. गोची मोजण्यात आहे. आपल्याकडे कोडच्या ओळी मोजून प्रोग्रॅमरची हुशारी ठरवणारे मॅनेजर असतात ना, तसंच हे. संख्या खरी असेलही, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

बरं, आकड्यांना वजन कोणी दिलं? मॅकलॉफ्लिन आणि कार्लोस सँटाना यांनी. १९७३ मध्ये या दोघांनी मिळून गुरूच्या प्रेरणेने अल्बम काढला. एवढे मोठे वादक ज्याच्या पायाशी बसतात तो स्वतःही मोठा संगीतकार असणारच, असं लोकांना वाटलं. पण गुरू म्हणून मोठा असणं आणि वादक म्हणून मोठा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे शिष्य गुरूच्या गाण्याने तयार होतो. इथे शिष्यांच्या गाण्यावर गुरूचं नाव झालं.

मॅकलॉफ्लिन काही वर्षांत बाहेर पडला, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सँटानाही. आपण सोडून गेल्यावर गुरूने मित्रांना आपल्याशी संबंध तोडायला सांगितलं, असं सँटानाने नंतर मुलाखतीत सांगितलं. मला वीस हजारांपेक्षा ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जिथे सोडून जाणाऱ्याला मित्र गमवावे लागतात, तिथे 'गुरुजी, आज सूर लागला नाही' असं कोण म्हणणार? आणि असं म्हणणारं कोणी नसेल, तर आकडा वाढतच जाणार.

चिन्मय यांच्या मैफिली फुकट असत, हजारो लोक येत, अनेकांना तिथे खरोखर शांत वाटे. ते खोटं ठरवायचं कारण नाही. फक्त शांत वाटणं म्हणजे संगीत थोर असणं नव्हे.

असो. महाविष्णूचे पहिले दोन अल्बम मात्र जरूर ऐका. कान उघडे ठेवून, आकडे न मोजता.