शेनझेन: ४० वर्षांत उभं राहिलेलं हे चिनी शहर नेमकं कोणाचं?

हाँगकाँगच्या वेस्ट कावलून स्टेशनवरून हायस्पीड ट्रेन पकडली की साधारण पाव तासात तुम्ही शेनझेनच्या फुटियान स्टेशनात उतरता. वर रस्त्यावर आलात की सगळ्यात आधी जाणवते ती शांतता. २०१७ च्या अखेरीस या शहराने आपल्या सगळ्या बस, म्हणजे १६ हजारांहून जास्त, इलेक्ट्रिक केल्या. टॅक्सीही जवळपास सगळ्या विजेवर धावतात. यातल्या बहुतेक बस बनवणारी बीवायडी कंपनी इथलीच. (पुण्यात पीएमपीच्या ओलेक्ट्रा ई-बसमध्ये बसला असाल, तर तंत्रज्ञान याच कंपनीचं!) फक्त फुटपाथवर सावध राहा. डिलिव्हरीवाल्यांच्या स्कूटरही विजेच्या, त्या मागून कधी आल्या ते कळतच नाही.

गुगल आणि व्हॉट्सअॅप चीनमध्ये बंद आहेत. पैसे द्यायचे ते वीचॅट किंवा अलीपेचा कोड स्कॅन करून. वीचॅटची मालक कंपनी टेन्सेंट, तीही शेनझेनचीच.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड माहीत असेल, तर हुआचियांगबेई बाजार बघाच. तसल्या दुकानांनी भरलेल्या बहुमजली इमारतींची रांगच्या रांग. एका काउंटरवर फक्त कॅमेऱ्याचे सुटे भाग, दुसऱ्यावर फक्त चार्जिंगच्या पट्ट्या.

खरंच हे मच्छीमारांचं खेडं होतं का?

ही गोष्ट तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल, पण ती अर्धवट आहे. १९८० मध्ये डेंग झियाओपिंग यांच्या काळात इथे विशेष आर्थिक क्षेत्र सुरू झालं, तेव्हा या भागात तीन लाखांहून जास्त लोक राहत होते. मासेमारी होती, तशी भातशेतीही होती. ‘शेनझेन’चा अर्थच मुळी शेतातला खोल पाट. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या भरली १ कोटी ७५ लाख.

मग एवढे लोक राहिले कुठे? उत्तर ५९९ मीटर उंच पिंग अॅन टॉवरवरून दिसत नाही. जुन्या गावकऱ्यांनी आपल्या जागेवर पाच-सात मजली इमारती चढवल्या आणि कामगारांना भाड्याने दिल्या. दोन इमारतींमधलं अंतर इतकं कमी की समोरच्या खिडकीतल्या शेजाऱ्याशी हात मिळवता येईल. लोक त्यांना ‘हस्तांदोलन इमारती’ म्हणतात. स्वस्त घरं कामगारांना मिळाली ती या ‘शहरातल्या गावां’मध्येच.

अडचण कुठे आहे?

चीनमध्ये ‘हुकोउ’ नावाची नोंदणी असते. ती कुटुंबाच्या मूळ ठिकाणाशी बांधलेली. शेनझेनमध्ये राहणाऱ्या साधारण एक तृतीयांश लोकांकडेच शहराचं हुकोउ आहे. बाकीच्यांना मुलांच्या सरकारी शाळाप्रवेशासाठी भाडेकरार, कामाची कागदपत्रं, सगळं जमवून गुणांच्या यादीत लढावं लागतं.

बाईशिझोउ या अशाच मोठ्या वस्तीत अंदाजे दीड लाख लोक राहत. २०१९ मध्ये पुनर्विकासासाठी घरं रिकामी करायला सांगितली गेली. मोबदला ठरला तो घरमालक असलेल्या मूळ गावकऱ्यांसाठी. भाडेकरूंपुढे प्रश्न होता, घर दूर गेलं तर मुलांच्या शाळेचं काय?

पर्यटकांचं आवडतं थीम पार्क ‘विंडो ऑफ द वर्ल्ड’ तिथून मेट्रोने एकच स्टेशन. तिथे १०८ मीटरचा आयफेल टॉवर आहे. तो बघायला जाणारे बाईशिझोउला सहसा उतरत नाहीत.