धोकादायक मासे व मराठी कुमारवाचन
काटा, दात वा विष यांमुळे माणसास अपाय करणाऱ्या माशांचे वर्णन हा शास्त्रीय कुमारवाङ्मयातील एक लोकप्रिय विषय. वि. कों. ओक यांच्या बालबोध (१८८१) व वा. गो. आपटे यांच्या आनंद (१९०६) या मासिकांनी मराठी मुलांना वाचनाची गोडी लावली. सृष्टिज्ञान (१९२८) मासिकाने विज्ञानविषयक लेखन रुजविले. धोकादायक माशांच्या पुस्तकांत शार्क, पाकट, केंड हे समुद्री मासे प्रामुख्याने आढळतात. समुद्रापासून दूर असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील मुलांचा संबंध मात्र पैनगंगा, पूर्णा, कयाधू या नद्यांशी येतो. भारतात गोड्या पाण्यात आढळणाऱ्या शिंगीच्या छातीजवळील परांचा विषारी काटा टोचल्यास तीव्र वेदना होतात. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडविल्याने त्या कमी होतात. काटा हे शिंगीचे संरक्षणाचे साधन होय. ही जाण भीतीपेक्षा अधिक उपयोगी ठरते.