ब्युरो : टेबलावरच्या कापडाची गोष्ट

कुकरवर आयएसआयची खूण आणि दागिन्यावर हॉलमार्क बघूनच आपण खरेदी करतो. या खुणांमागे आहे भारतीय मानक ब्युरो. मुलीला स्थळ शोधायला मॅरेज ब्युरो. कुणी लाच मागितली तर १०६४ वर फोन लावायचा, तो अँटी करप्शन ब्युरोला. सगळीकडे दिसणारा हा ब्युरो आला कुठून?

शब्द फ्रेंच आहे, आणि आपल्या भिवंडीला शोभेल असा, मुळात कापडाचा आहे. जुन्या फ्रेंच भाषेत 'ब्युरेल' म्हणजे जाडंभरडं लोकरी कापड, आपल्या घोंगडीच्या जातीचं. ते टेबलावर अंथरून त्यावर हिशेब आणि लिखापढी चाले. हळूहळू कापडाचं नाव टेबलाला लागलं, मग टेबलाच्या खोलीला, मग तिथं चालणाऱ्या खात्याला. अमेरिकेत तर कपडे ठेवायच्या खणांच्या कपाटालाही ब्युरो म्हणतात. १८व्या शतकात या शब्दाला सत्ता या अर्थाचा ग्रीक शब्द जोडून 'ब्युरोक्रसी' झाली, म्हणजे टेबलाचं राज्य. त्याचं श्रेय व्हँसाँ द गुर्ने या फ्रेंच अधिकाऱ्याला देतात. आपण तिला नोकरशाही म्हणतो.

आपल्या 'दप्तर'चंही असंच. फारसीतून आलेल्या या शब्दाचं मूळ ग्रीक भाषेतल्या कमावलेल्या चामड्यात आहे. चामड्यावर लिहीत, म्हणून दप्तर म्हणजे कागदपत्रं. पुण्याचं पेशवे दप्तर त्यातलंच. हिंदीत त्याचं ऑफिस झालं, आणि आपल्याकडे ते पोरांच्या पाठीवर बसलं.

आमच्या गटातल्या बाया कांड्या भरतात, धागे कापतात. मागांच्या खडखडाटाला न भिणारी बाई कचेरीतल्या टेबलापुढे मात्र गप्प होते. 'उद्या या' म्हटलं की निमूट परत फिरते. एका दाखल्यापायी दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून आम्ही गटात सांगतो, २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यानं यादीतल्या सेवा ठरल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क आहे. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला, तर अपील करता येतं.

ज्या टेबलाचं राज्य म्हणतात, त्याचं नावसुद्धा कुणा विणकराच्या कापडावरून पडलंय. तेव्हा घाबरायचं नाही. अर्ज दिला की तारीख घातलेली पोच मागायची, आणि ती हातात पडल्याशिवाय टेबलापुढून हलायचं नाही.