मॉडेल किटची साठवण

जहाज, विमान, रणगाडा, मोटार यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतीचे सुटे प्लास्टिक भाग ज्या खोक्यातून विकले जातात, त्याला ‘किट’ म्हणतात. ब्रिटनच्या एअरफिक्सने १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचे, तर जपानच्या तामियाने १९६० मध्ये ‘यामाटो’ युद्धनौकेचे किट काढले. भारतात हौशी लोकांची बहुतेक किट परदेशी असतात. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले; प्रतिकृतीही त्याच वर्गात मोडतात. त्यामुळे मिळेल तेव्हा घेऊन ठेवायचे आणि सवडीने जुळवायचे, हा रिवाज पडला आहे. पुण्यातील जोशी लघुरेल्वे संग्रहालयात (१९९८) दिसतात ती जुळवलेली मॉडेल. बंद खोक्यातल्या किटचे प्रश्न वेगळे असतात.

घटकद्रव्ये : किट ही एक वस्तू नव्हे. तिच्यात पॉलिस्टायरीनच्या चौकटी, मऊ व्हिनाइलचे टायर, डिकॅलचा कागद, क्वचित पितळी पत्रा आणि पुठ्ठा एकत्र कोंडलेले असतात. यांतील प्रत्येक द्रव्य आपापल्या गतीने जुने होते आणि काही द्रव्ये शेजारच्याला बिघडवतात. म्हणून साठवणीचा पहिला नियम हवाबंद करण्याचा नसून वेगवेगळे करण्याचा आहे.

पॉलिस्टायरीन पिवळे पडते ते मुख्यतः अतिनील किरण आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयुक्त क्रियेने. अंधारात ही क्रिया फार मंद चालते. पांढऱ्या व पारदर्शक भागांवर पिवळेपणा लगेच दिसतो, करड्या भागांवर लपतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) जतन होणाऱ्या जुन्या फिल्मपैकी ॲसिटेटची फिल्म स्वतःतून सुटणाऱ्या ॲसेटिक आम्लाने अधिकाधिक वेगाने कुजते. पॉलिस्टायरीनला तो दोष नाही. मात्र काही किटमध्ये खिडक्यांसाठी ॲसिटेटचा पारदर्शक तुकडा असतो. तो बाहेर काढून, कागदी पाकिटात, हवा खेळेल असा ठेवावा.

व्हिनाइलचे टायर हा सर्वांत घातक शेजारी. त्यांना मऊ ठेवणारे थॅलेट वर्गाचे तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते आणि टेकलेल्या पॉलिस्टायरीनला विरघळवू लागते. चाकाच्या कडेवर टायरची कायमची खाच उमटते. टायर पॉलिथिनच्या स्वतंत्र पिशवीत घालावेत, ही पाच मिनिटांची मेहनत सर्वांत जास्त फळ देते.

डिकॅल : पाण्यात भिजवून सरकवण्याची ही चित्रे किटमध्ये सर्वांत आधी बाद होतात. त्यांचा वाहक पापुद्रा अंधारातही पिवळा पडतो, तर दमट हवेत खालचा डिंक सुटून पाने एकमेकांना चिकटतात. डिकॅल टिश्यू कागदासह झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीबरोबर, सपाट ठेवावे. पिवळे पडलेले डिकॅल पिशवीसकट उन्हाच्या खिडकीला काही दिवस चिकटवून उजळवण्याचा उपाय हौशींमध्ये रूढ आहे. तो बऱ्याचदा लागू पडतो, पण लाल-निळ्या शाई फिक्या होण्याचा धोका असल्याने त्याबद्दल एकमत नाही. तडे गेलेल्या जुन्या डिकॅलवर भिजवण्यापूर्वी पारदर्शक वॉर्निशचा हात देणे अधिक सुरक्षित.

हवामान : कोकणात व मुंबईत पावसाळी ओल हा मुख्य शत्रू, खोके भर पावसात न बांधता हिवाळ्यातल्या कोरड्या दिवसांत बांधावे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, शिरूर-दौंडच्या पर्जन्यछायेतील पट्ट्यात, भीती उन्हाळ्याची. मांडवगण फराट्यासारख्या गावात पत्र्याखालचा माळा ही सर्वांत वाईट जागा आहे, कारण तापलेल्या पत्र्याखालची हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच गरम होते. पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंश सेल्सियसला मऊ होते. तरी घडवताना त्यात अडकलेले ताण आणि वरच्या खोक्यांचे वजन यांमुळे पातळ भाग त्याआधीच वाकू शकतात. आतल्या भिंतीलगतच्या कपाटाचा मधला कप्पा बरा. भिंतीला व जमिनीला खोके टेकवू नये. वाळवी तिथूनच येते.

कीड : कपड्यांच्या ट्रंकेत किट ठेवून डांबरगोळ्या टाकणे ही घरोघरची सवय येथे नुकसान करते. नॅप्थॅलिनची किंवा पॅराडायक्लोरोबेंझिनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ व चिकट करते. कसर डिकॅलच्या डिंकावर आणि पुठ्ठ्यावर जगते. तिच्यासाठी ओल हटवणे व दर हिवाळ्यात खोके उघडून पाहणे हाच उपाय.

वेष्टन : कारखान्यातले आवळलेले प्लास्टिक वेष्टन पुढेही आवळत राहून खोके वाकवू शकते. विक्रीमूल्यासाठी ते न फोडण्याचा संग्राहकांचा आग्रह असतो. जतनाच्या दृष्टीने मात्र ते काढून टायर व डिकॅल वेगळे करणेच योग्य.

पितळी पत्रा : काळवंडतो, कोरडा ठेवावा.

गोंद व रंग : किटसोबत नळी किंवा कुप्या आल्या असल्यास त्या पहिल्याच दिवशी बाहेर काढाव्यात.