पिझ्झाचे खोके आणि तीन दारं

तर झालं असं, की मागच्या शनिवारी सकाळी साडेआठला (म्हणजे आमच्या हिशेबाने पहाटे) मावशीचा फोन आला. मावसबहिणीला अमेरिकेत एमएससाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक निवडायचं आहे. मी एकदा ऑनसाईट जाऊन आलोय, त्यामुळे घरात माझा दर्जा अमेरिका-तज्ज्ञाचा. मावशीने थेट मुद्द्यालाच हात घातला, "काय रे, तिकडे कॉलेजातच पोलीस ठाणं असतं म्हणे? पिस्तूलवाले? कॉलेजात पोलीस कशाला लागतात?"

"अगं, तिकडे असतातच," असं काहीतरी पुटपुटून मी फोन ठेवला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. अख्खा वीकांत त्यातच गेला. जे हाती लागलं ते इथे खरडतोय.

दोन वर्षांपूर्वी मी पाच महिने हार्टफर्डला होतो. विमा कंपन्यांचं गाव ते, संध्याकाळी सहानंतर चिटपाखरू दिसत नाही. कंटाळून एका रविवारी ट्रेनने न्यू हेवनला गेलो, येल विद्यापीठ बघायला. तिथे एका दगडी कमानीपाशी पोलिसांची गाडी उभी होती आणि दारावर लिहिलेलं 'येल पोलीस'. मला वाटलं, सिक्युरिटीवाल्यांनी हौसेने लिहिलं असेल, आपल्याकडे सोसायटीचे वॉचमन खांद्यावर तीन स्टार लावतात तसं. नंतर कळलं की हे खरेखुरे पोलीस. शपथ घेतलेले, अटक करायचा अधिकार असलेले, कमरेला पिस्तूल. पण पगार विद्यापीठ देतं. आणि अमेरिकेतलं पहिलं कॅम्पस पोलीस दलही हेच, १८९४ सालचं.

(जाता जाता: ज्याच्या नावाने हे विद्यापीठ आहे तो एलिहू येल आपल्या मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता. तिथे कमावलेल्या पैशातून त्याने पुस्तकं आणि माल पाठवला, तो १७१८ मध्ये विकून कॉलेजची इमारत पुढे सरकली. असो, तो वेगळा विषय.)

आता १८९४ ला पोलीस का लागले? चोऱ्यामाऱ्या वाढल्या म्हणून? अजिबात नाही. गावकरी आणि विद्यार्थी एकमेकांच्या जिवावर उठले होते म्हणून. १८२४ साली गावाजवळच्या एका तरुण मुलीचं प्रेत दफनभूमीतून नाहीसं झालं आणि सापडलं ते येलच्या मेडिकल कॉलेजच्या तळघरात पुरलेलं. विच्छेदनाला प्रेतं मिळायची नाहीत, मग ती अशी 'मिळवली' जायची. गाव चाल करून आलं, कॉलेज वाचवायला लष्करी पथक बोलवावं लागलं. १८५४ मध्ये एका नाटकानंतर दगड-विटांची मारामारी झाली आणि त्यात गावकऱ्यांचा एक म्होरक्या भोसकला गेला. चिडलेल्या जमावाने चक्क तोफा ओढत आणल्या, कॉलेजवर डागायला! कॉन्स्टेबलांनी वेळेत थांबवलं म्हणून, नाहीतर आज मी तिथे कमानीचे फोटो काढत नसतो. १८५८ ला पुन्हा राडा, यावेळी अग्निशमन दलाच्या लोकांशी, त्यातही एक मेला.

हे काही अमेरिकेचंच वैशिष्ट्य नाही. ऑक्सफर्डला १३५५ च्या फेब्रुवारीत दोन विद्यार्थ्यांनी दारूच्या गुत्त्यात वाईन भिकार आहे म्हणून तक्रार केली, त्यावरून पेटलेल्या दंगलीत ६३ विद्यापीठवाले आणि तीसेक गावकरी मेले. शिक्षा म्हणून गावाने दरवर्षी ६३ पेनी दंड भरायचा, आणि तो ते १८२५ पर्यंत भरत राहिले. जवळजवळ पावणेपाचशे वर्षं! ऑक्सफर्डचे स्वतःचे कॉन्स्टेबलही होते, डोक्यावर बोलर हॅट घालणारे, टोपणनाव 'बुलडॉग'. ते २००३ साली बंद केले.

तर येल. १८९४ मध्ये न्यू हेवनच्या पोलीस दलातले दोन शिपाई, वायझर आणि डोनेली, कॅम्पसवर नेमले गेले. आधी पोरांनी त्यांना बिचकून, फटकूनच ठेवलं. पण हे दोघं रोज तिथेच, पोरांना नावाने ओळखणारे. हळूहळू भांडण ठाण्यावर जायच्या आधी मिटायला लागलं. मग विद्यापीठाने त्यांना स्वतःच्या पगारावरच घेतलं आणि वायझर दलाचा पहिला प्रमुख झाला. त्याने १९१४ मध्ये 'येल मेमरीज' नावाच्या पुस्तकात आठवणीही लिहिल्या. थोडक्यात, बाहेरचा पोलीस नको, 'आपला' पोलीस हवा. हा 'आपला' शब्द लक्षात ठेवा, पुढे तोच गोची करणार आहे.

त्यानंतर बरीच वर्षं बहुतेक कॉलेजांत रात्रीचा पहारेकरी होता, आग लागली का, दारं बंद आहेत का बघणारा. शिस्तीचं खातं कॉलेजकडेच. कायद्याने कॉलेज म्हणजे पालकांच्या जागी. मुलींना रात्री अमुक वाजता आत, रेक्टरबाई दारात. १९६० च्या दशकात हे सगळं कोसळलं. १९६१ मध्ये अलाबामाच्या एका खटल्यात कोर्टाने सांगितलं की सरकारी कॉलेजला विद्यार्थ्याला असं मनमानी हाकलता येणार नाही, तो प्रौढ नागरिक आहे. १ ऑगस्ट १९६६ ला टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एकाने बंदुकीने माणसं टिपली, तेव्हा तिथले रखवालदार निःशस्त्र होते. पुढच्याच वर्षी टेक्सासने विद्यापीठांना पोलीस दलाचा अधिकार दिला. आणि ४ मे १९७० ला ओहायोत केंट स्टेटला नॅशनल गार्डच्या सैनिकांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी गेले. म्हणजे बाहेरून बंदुका बोलावल्या तर काय होतं ते दिसलं. पुन्हा तेच उत्तर, आपले पोलीस आपणच ठेवू. सत्तरच्या दशकात दलं भराभर वाढली.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

५ एप्रिल १९८६. पेनसिल्व्हेनियातलं बेथलेहेम गाव, लीहाय विद्यापीठ. जीन क्लेरी ही १९ वर्षांची पहिल्या वर्षाची मुलगी होस्टेलच्या खोलीत झोपली होती. पहाटे तिथलाच एक विद्यार्थी आत शिरला. त्याने तिच्यावर बलात्कार केला आणि तिचा खून केला. तिच्यापर्यंत पोचायला त्याला तीन दारं ओलांडावी लागली. तिन्ही दारं आपोआप कुलूप लागणारी. आणि तिन्ही उघडी, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या मित्रमैत्रिणींना सोपं पडावं म्हणून पोरांनी फटीत पिझ्झाचे रिकामे खोके अडकवले होते.

होस्टेलमध्ये राहिलेल्या कुणीही हे वाचून छातीवर हात ठेवून सांगावं की आपण असं कधी केलं नाही. आम्ही तर विटा लावायचो.

तिच्या आईवडिलांना, कॉनी आणि हॉवर्ड क्लेरींना, नंतर कळलं की आधीच्या तीन वर्षांत या कॅम्पसवर हिंसक गुन्ह्यांच्या ३८ घटना झाल्या होत्या. त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. सांगायचं बंधनच नव्हतं! आणि याहून वाईट म्हणजे, जीन आधी दुसऱ्या विद्यापीठात जाणार होती. तिथे एका मुलीचा खून झाल्याचं कळलं म्हणून घरच्यांनी हे शांत, टुमदार, डोंगरउतारावरचं ठिकाण निवडलं. जिथली बातमी बाहेर आली ते धोक्याचं वाटलं, जिथली दाबली गेली ते सुरक्षित वाटलं.

क्लेरींनी खटला भरला, तो तडजोडीत मिटला, आणि १९८७ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढून राज्याराज्यांत फिरायला सुरुवात केली. १९८८ ला पेनसिल्व्हेनियाचा कायदा झाला, १९९० च्या नोव्हेंबरमध्ये थोरल्या बुशने देशभराच्या कायद्यावर सही केली. १९९८ मध्ये त्याला जीनचं नाव मिळालं, क्लेरी कायदा. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजने १ ऑक्टोबरपर्यंत अहवाल काढायचा, त्यात तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे. पोलीस दल असेल तर रोजची नोंदवही कुणालाही बघायला खुली. आणि धोका चालू असेल तर वेळेत इशारा द्यायचा.

विद्यापीठं काही हसत हसत तयार झाली नाहीत. एक युक्तिवाद तर भन्नाट होता: गुन्ह्याची नोंद म्हणजे विद्यार्थ्याची 'शैक्षणिक नोंद', गुणपत्रिकेसारखी, म्हणून ती गोपनीय! मिसूरीत विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राच्या एका संपादिकेने यावर कोर्टात धाव घेतली. १९९१ मध्ये ती जिंकली आणि पुढच्या वर्षी संसदेने कायदाच बदलून ती पळवाट बुजवली. इथे तो 'आपला' शब्द आठवा. ज्याचा पगार विद्यापीठ देतं, ज्याची नोंदवही विद्यापीठाच्या कपाटात, त्याने विद्यापीठाची अब्रू राखायची की आत झोपलेल्या मुलीला सावध करायचं?

आता जरा घरचं. तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या होस्टेलच्या एका विंगमधून एका रात्रीत चार लॅपटॉप गेले. त्यातला एक माझा, बाबांनी हप्त्यावर घेतलेला. आम्ही रेक्टरकडे गेलो. सर म्हणाले, "एफआयआर कशाला? प्लेसमेंटचा सीझन आहे, कंपन्या यायच्यात. कॉलेजचं नाव खराब झालं तर नुकसान कुणाचं?" वॉचमनकाकांना काढलं आणि प्रकरण मिटलं. पुढच्या जुलैत त्याच विंगमध्ये ज्युनियर आले. आम्ही काहीही बोललो नाही. मागच्या जिन्याची कडी बाहेरून उघडते हे आम्हाला माहीत होतं, तेही सांगितलं नाही. दिवाळीच्या आधी त्यांचेही गेले. रेक्टरला शिव्या घालणं सोपं आहे, पण प्लेसमेंट मलाही हवी होती.

तर मावसबहिणीला फोन करून म्हटलं, दोन्ही विद्यापीठांचे अहवाल काढ. काढले. एकीकडे तीन वर्षांत बलात्काराच्या तक्रारी दोन आकडी, दुसरीकडे सलग शून्य, शून्य, शून्य. ती म्हणाली, "दादा, मग ठरलंच की." मी म्हटलं थांब जरा. आपल्या धंद्यातलीच गोष्ट घे. ज्या मोड्यूलमध्ये एकही बग नोंदवलेला नाही ते एकतर अतिशय छान आहे किंवा कुणी टेस्टच केलेलं नाही. दुसरी शक्यता जास्त. जिथे मुली तक्रार करायला धजतात तिथे आकडा वाढतो. शिवाय हा हिशेब फक्त कॅम्पस, होस्टेलं आणि लगतच्या रस्त्यांपुरता. दोन चौक सोडून असलेल्या ज्या अपार्टमेंटमध्ये आपली देशी मंडळी चौघं-पाचजण मिळून राहतात, ते यात धरतच नाहीत.

इशाऱ्याचंही तसंच. १६ एप्रिल २००७, व्हर्जिनिया टेक. सकाळी सव्वासातला होस्टेलमध्ये दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. पोलिसांना वाटलं, आपसातलं प्रकरण आहे. सगळ्यांना ईमेल गेली ९ वाजून २६ मिनिटांनी. पावणेदहाच्या सुमाराला तोच माणूस नॉरिस हॉलमध्ये शिरून वर्गावर्गात गोळ्या झाडत होता. एकूण ३२ जण गेले. त्यात तमिळनाडूहून आलेले प्राध्यापक लोगनाथन आणि त्यांच्याच वर्गात बसलेली मुंबईची एक विद्यार्थिनी. मी तेव्हा शाळेत होतो, पण घरात टीव्हीसमोर सगळे गप्प बसलेले आठवतात. शिक्षण खात्याने विद्यापीठाला क्लेरी कायद्याखाली दोषी धरलं. बरीच वर्षं वाद चालून २०१४ मध्ये विद्यापीठाने दंड भरला ३२,५०० डॉलर. पुढे रकमा वाढल्या म्हणा, २०२४ मध्ये लिबर्टी विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलरचा दंड झाला, आजवरचा सर्वात मोठा.

आणि पोलीस वाढवले की प्रश्न सुटला, असंही नाही. २०११-१२ च्या सरकारी पाहणीत अडीच हजारांवर विद्यार्थी असलेल्या चार वर्षांच्या कॉलेजांपैकी ७५ टक्के ठिकाणी सशस्त्र पोलीस होते, सात वर्षांपूर्वी ६८ टक्के. २०१५ च्या जुलैत सिनसिनाटी विद्यापीठाच्या पोलिसाने कॅम्पसच्या बाहेर, पुढची नंबरप्लेट नाही म्हणून गाडी थांबवली आणि सॅम्युअल ड्यूबोस या निःशस्त्र काळ्या माणसाला डोक्यात गोळी घातली. दोन खटले झाले, दोन्हीत ज्यूरीचं एकमत झालं नाही. आणि आमच्या त्या न्यू हेवनमध्ये २०१८ साली एक काळी विद्यार्थिनी स्वतःच्याच होस्टेलच्या हॉलमध्ये अभ्यास करता करता झोपली, तर दुसरीने पोलिसांना फोन केला. येल पोलीस आले, ओळखपत्र तपासलं, ही इथलीच आहे याची खात्री करायला पंधराएक मिनिटं घेतली. वायझर आणि डोनेली पोरांना नावाने ओळखायचे.

काल रात्री बहिणीचा मेसेज आला. दोन्हीकडच्या मराठी मुलांना गाठून तिने एकच प्रश्न विचारलाय, तुमच्या बिल्डिंगचं खालचं दार आपोआप लागतं का, आणि लागत असेल तर लोक ते उघडं ठेवतात का. एकाने उत्तर पाठवलं, "लागतं, पण आम्ही चप्पल अडकवतो." :)

मावशीला मात्र अजून फोन केलेला नाही. पोलीस कशाला लागतात, हे तिला साडेआठ वाजता पाच मिनिटांत कसं सांगायचं ते बघतोय.