सोळा आण्यांची जमीन : मेढ्यात व्हॅल्युअरची पाटी लावावी का?

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या मालिकेत हा धंद्याचा विषय कुठून आला. त्याचं कारण एक प्रश्न आहे. गेल्या दिवाळीत आपल्याच जावळी तालुक्यातला एक मुलगा आमच्याकडे आला. स्थापत्य अभियंता, साताऱ्यात सात वर्षं नोकरी. म्हणाला, "काका, नोकरी सोडून मेढ्यात स्वतंत्र व्हॅल्युएशनचं ऑफिस काढावं म्हणतोय. चालेल का?" आम्ही त्याला विचारलं, "स्वतंत्र म्हणजे कुणापासून?" त्याला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही. मग आम्ही जुनी कागदपत्रं काढून बसलो.

आपल्या मुलखात जमिनीची किंमत ठरवणं हे फार जुनं काम आहे. १६५६ साली महाराजांनी जावळी घेतली. पुढे स्वराज्यात अण्णाजी दत्तोंनी जमिनीची पाहणी केली. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा चौरस म्हणजे बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. पिकाचे पाच वाटे, त्यातले तीन रयतेचे, दोन सरकारचे. या पाहणीत जमिनीची प्रत ठरवताना गावचा पाटील, देशमुख आणि जाणते कुणबी यांना बरोबर घ्यायचं होतं. हे लक्षात ठेवा. मोजणारा सरकारचा माणूस असला, तरी शेजारी जमीन ओळखणारा माणूस उभा होता.

इंग्रजी अमदानीत १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या साहेबानं पुण्याच्या बाजूला नवी आकारणी केली. हा साहेब अर्थशास्त्र शिकून आलेला. प्रत्येक जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचे शेकडा पंचावन्न सरकारनं घ्यायचे, असा त्याचा हिशेब. कागदावर अगदी चोख. पण निव्वळ उत्पन्न काढायला खर्च कळायला हवा, आणि तो खर्च लिहिणारे कारकून पैसे खाऊन जमीन हलकी-भारी करू लागले. वसुली इतकी जाचक झाली की लोक गावं सोडून गेले. पाहणी गुंडाळावी लागली.

तिच्या जागी जे आलं, त्यावर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत, कारण ते आजही तुमच्या घरात आहे. १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी वेगळी रीत बसवली, आणि १८४७ च्या अहवालात तिचे नियम पक्के झाले. उत्पन्नाचा हिशेब त्यांनी सोडूनच दिला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. गावांच्या गटाचा कमाल दर हवामान आणि बाजारपेठेचं अंतर पाहून साहेबानं ठरवायचा. त्या दरातला कुठल्या शेताचा किती वाटा, हे मात्र माती खणून ठरवायचं. शेताचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात खणून बघायचं. माती पोत आणि रंगावरून तीन प्रकारची. खोली हातानं मोजायची. चांगली काळी माती पावणेदोन हात खोल असली तर सोळा आणे. पुढे चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि शेवटी दोन आणे, अशा नऊ प्रती. दगड, चुनखडी, उतार, पाणी साचणं, असा एकेक दोष निघाला की प्रत एकेक पायरी खाली. हे दोष खुणांनी त्याच चौकोनात लिहून ठेवायचे, म्हणजे वरचा अधिकारी केव्हाही येऊन त्याच जागी पुन्हा खणू शकेल.

यातलं शेवटचं वाक्य आमच्या मते सगळ्यांत मोलाचं. विंगेटनं कारकुनाच्या सचोटीवर भिस्त ठेवली नाही. कारकुनाचं काम दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीनं लिहून घेतलं. तरीसुद्धा प्रतबंदी करणारा सरकारचाच नोकर होता, आणि कर घेणारंही सरकारच. रयतेला आकार पटला नाही तर जमीन सोडायची. त्या सोडचिठ्ठीला 'राजीनामा' म्हणत. आज आपण नोकरीचा राजीनामा देतो, तेव्हा कुणबी शेताचा देत होता.

आता घरी गेल्यावर सातबारा काढा. त्यावर 'आकार' म्हणून रुपये-पैशांत एक बारीक आकडा दिसेल. पुढच्या फेरआकारण्या धरूनही त्याचं मूळ या प्रतबंदीतच आहे. तुम्ही म्हणाल, चार-दोन रुपयांच्या आकड्याला आज कोण विचारतो? तर मुद्रांक शुल्कासाठी सरकार जे रेडी रेकनर काढतं, त्यात खेड्यातल्या जिरायत जमिनीचे दर आकाराच्या गटांप्रमाणे लावतात. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी खणलेल्या खड्ड्यावरून आज तुमच्या जमिनीचा सरकारी भाव ठरतो. मधल्या काळात रस्ता आला, कासच्या पठाराचं नाव जगात झालं, उतारावर हॉटेलं उभी राहिली. आकाराला त्याची काहीच खबर नाही. दोन आण्यांचं वरकस रान मुंबईचा माणूस सोन्याच्या भावानं मागतो, आणि काळी जमीन पडून राहते.

दुसरा कागद आहे खरेदीखत, आणि इथे दोष आपला स्वतःचा आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम चारची अधिसूचना निघाल्या दिवशीचा बाजारभाव मिळायचा. बाजारभावाचा पुरावा काय, तर आसपासची नोंदलेली खरेदीखतं. कोयनेचा शिवसागर भरला तेव्हा जावळीतली गावं त्यात गेली, पुढे वेण्णेवर कण्हेर धरण झालं. आमच्या भावकीतही धरणापायी जमीन गेली. त्याआधी काही वर्षं आमच्याच वडीलधाऱ्यांनी शेजारचा तुकडा विकला होता, आणि स्टॅम्पाचा खर्च वाचावा म्हणून खतात निम्मीच रक्कम लिहिली होती. पुढे तेच खत आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभं राहिलं. त्यात खोटं काय सांगणार? सही आमचीच होती.

निवाडा पटला नाही तर कलम अठराखाली कोर्टात दाद मागता येत होती. जमीनमालकाच्या बाजूनं बोलणाऱ्या जाणकाराची जागा खरी तिथे होती. विहीर, आंब्याची झाडं, बांध, ताली यांचं वेगळं मूल्य काढून पुराव्यानिशी मांडणारा माणूस हवा होता. शहराजवळच्या लोकांना तो मिळाला. डोंगरातल्यांनी पैसे घेतले, अंगठे उठवले आणि कुणी रायगडात, कुणी सोलापूर-सांगलीकडे गेले. अण्णाजी दत्तोंच्या वेळी शेजारी उभा असलेला तो जाणता कुणबी गेला, त्याच्या जागी कुणी आलंच नाही. स्वतंत्र व्हॅल्युअर म्हणजे त्या रिकाम्या जागेवर बसणारा माणूस, असं आमचं मत झालं आहे.

पण हा धंदा कायद्यात आला तो शेतकऱ्यासाठी नाही, करासाठी. १९५७ च्या संपत्तिकर कायद्यात १९७२ च्या दुरुस्तीनं नोंदणीकृत व्हॅल्युअर आला. त्या नियमांत एक खोच आहे. अभियंता आणि वास्तुविशारद घरं-इमारतींच्या वर्गात बसतात. शेतजमिनीचा वर्ग वेगळा, तिथे कृषी पदवीधर किंवा महसूल, भूमी अभिलेख अशा खात्यांतले निवृत्त अधिकारी लागतात. म्हणजे आमच्या या मुलानं त्या दारानं नोंदणी केली, तर तालुक्यातल्या बहुतेक जमिनीला त्याचा शिक्का चालायचा नाही! संपत्तिकर २०१५ साली गेला, पण नोंदणी राहिली. दुसरं दार २०१७ च्या नियमांचं, कंपनी कायद्याखालचं. पन्नास तासांचा अभ्यासक्रम, परीक्षा, पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव. ते त्याला जमण्यासारखं आहे. त्या नियमांच्या आचारसंहितेत सोयीचं मूल्यांकन करू नये आणि काम फत्ते झालं तरच फी असा करार करू नये, असं स्पष्ट लिहिलं आहे. जुन्या संपत्तिकराच्या नियमांत फी मूल्याच्या शेकड्यावर होती. जितका भाव मोठा तितकी फी मोठी. प्रिंगलचे कारकून हसले असते.

मग पोट कशावर चालेल? रोजचं काम बँकेचं. कर्जदार फी भरतो, बँक पॅनेलवर ठेवते, आणि शाखेला कर्ज मंजूर व्हायला हवं असतं. एका शाखेतून आमच्या ओळखीच्या व्हॅल्युअरला फोन आला होता, आकडा आधी सांगून अहवाल मागवायला. त्यानं नकार दिला, आणि पुढचं काम त्याच्याकडे आलं नाही. दुसरं काम आयकराचं. जुनं घर किंवा प्लॉट विकणाऱ्याला १ एप्रिल २००१ ची किंमत लागते. आपली निम्मी माणसं मुंबईत, तेव्हा हे काम थोडंफार येत राहील. तिसरं भावकीच्या वाटपाचं. इथे निःपक्षपाती माणसाची गरज सगळ्यांत जास्त, आणि पैसे द्यायची तयारी सगळ्यांत कमी. गावचे चार लोक फुकट वाटणी करतात, मग तीच वाटणी वीस वर्षं कोर्टात चालते. चौथं काम भूसंपादनाचं. २०१३ च्या कायद्यानं शंभर टक्के दिलासा रक्कम आणि ग्रामीण भागात दोनपर्यंत गुणक दिला, त्यामुळे मूळ भाव चुकला की नुकसानही तितक्या पटींनी वाढतं. पण हे काम दर महिन्याला येत नाही.

आम्ही त्याला सांगितलं ते असं. नोकरी लगेच सोडू नकोस. परीक्षा दे. बँकेच्या कामावर घर चालेल, पण एकाच बँकेवर चालवू नकोस. एका दाराचं मिंधेपण आलं की स्वतंत्र हा शब्द पाटीवरच राहतो. ऑफिस मेढ्यात हवंच असेल तर आठवड्याचे दोन दिवस, बाकी साताऱ्यात. अहवाल असा लिही की दुसरा माणूस त्याच खड्ड्याशी जाऊन तपासू शकेल. आणि भूमी अभिलेखातली टिपणं, प्रतबुक, आकारफोड वाचायला शीक. शहरातला व्हॅल्युअर ते वाचायला बसणार नाही; तुझ्याकडे माणसं आली तर त्याच्यासाठी येतील.

तो थोडा हिरमुसला. त्याला बहुधा हो किंवा नाही ऐकायचं होतं. पण महिन्याभरानं त्याचा फोन आला. स्वतःच्याच गट नंबरची प्रतबुकातली नक्कल काढून, पहार घेऊन वडिलांबरोबर शेतात गेला होता. कोपऱ्यातल्या एका चौकोनात पाणी साचण्याची खूण होती. त्यानं वडिलांना ती दाखवली, तर ते म्हणाले, "अरे, तिथं अजून भात कुजतो."